तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट घरी आलाय? दर रविवारी वही उघडा

ज्यांच्या घरात नुकतंच कोणाचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, किंवा आता शेक (रेडिएशन) सुरू व्हायचेत, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर नेमकं काय बघायचं हेच समजून नाही राहिलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या भावाला डाव्या गालाचा कॅन्सर झाला तेव्हा तो ४६ वर्षांचा होता, नागपूरच्या कळमना संत्रा मार्केटमध्ये एका अडत्याकडे हिशोब आणि फोन सांभाळायचा आणि वीस वर्षं दिवसाला पाच-सहा खर्रे (तंबाखू-सुपारी घोटून केलेले) खायचा. ऑपरेशन झालं, गालाचा भाग आणि जबड्याचं हाड काढलं, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस वर आणून गालाला लावलं, नंतर ३० शेक. हे सगळं नीट पार पडलं. चुकलं ते त्यानंतर, आणि चुकलं आमचं.

झालं असं की दर ओपीडीला डॉक्टर विचारायचे, "कसं काय भाऊ?" दादा अंगठा दाखवायचा, मी म्हणायचो ठीक आहे सर, जेवतो चांगला, आणि दोन मिनिटांत आम्ही बाहेर. घरी दादा आतल्या खोलीत दार लावून जेवायचा, वहिनी ताट आत ठेवून यायच्या, अर्ध्या तासाने रिकामं ताट बाहेर यायचं, सगळ्यांना वाटे जेवून राहिला. एक दिवस मागच्या अंगणात नळाजवळ जास्वंदीच्या बुडाशी मला वरणभात पडलेला दिसला, कालचा आणि आजचा, दोन्ही. त्याच दिवशी शेजारून काटा मागून आणला आणि दादाला उभं केलं. दवाखान्याच्या कागदावर ५८ किलो लिहिलं होतं, काट्यावर ५१ आले. दोन महिन्यांत सात किलो. विचारलं तर पहिले काही बोललाच नाही, मग हळू म्हणाला, "तोंडातून सांडते. लेकरं पाहतात."

म्हणजे गिळता येत होतं, थोडं का होईना, पण चारचौघांत खायची लाज वाटत होती, आणि ही गोष्ट कोणत्याच रिपोर्टमध्ये येत नाही. कॅन्सर परत आला का ते डॉक्टर बघतात, त्यासाठी स्कॅन आहे, तपासणी आहे. माणूस कसा खातो, कसा बोलतो, झोपतो का, बाहेर पडतो का, हे डॉक्टरांना आपण सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही, कारण ते त्याला महिन्यातून पाच मिनिटं बघतात आणि आपण दिवसभर. यालाच क्वालिटी ऑफ लाइफवर लक्ष ठेवणं म्हणतात, आणि ते घरी बसून जमतं.

आणि हे काही मनाचे लाड नाहीत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कॅन्सर सेंटरने ७६६ पेशंटवर अभ्यास केला होता, त्याचे आकडे २०१७ मध्ये छापून आले. एका गटाने आपले त्रास नियमित कॉम्प्युटरवर कळवायचे आणि त्रास वाढला की नर्सला लगेच सूचना जायची, दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चालू. कळवणाऱ्या गटाचं मधलं आयुर्मान ३१.२ महिने निघालं, दुसऱ्याचं २६. ते पेशंट तोंडाच्या कॅन्सरचे नव्हते, स्तन-फुफ्फुस वगैरेचे होते आणि आजार पसरलेला होता, म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका. पण त्रास वेळेवर कळवल्याने फरक पडतो एवढं मला त्यातून पटलं.

पायरी १: वही, काटा आणि पट्टी, शक्यतो इलाज सुरू व्हायच्या आधी

एक दोनशे पानी वही, एक वजनकाटा, शाळेची प्लास्टिकची पट्टी आणि पेन्सिल. बस. मोबाईलमध्ये लिहाल तर चालेल पण मोबाईल एकाकडे असतो आणि दवाखान्यात दुसराच जातो, वही पिशवीत पडून राहते.

पहिल्या पानावर आजचं सगळं लिहा: वजन, तोंड किती उघडते, काय काय खाता येते, बोलणं कसं आहे, दुखते का, दात किती हलतात. हे इलाजाच्या आधी लिहिलेलं असलं तर पुढे फार कामी येतं. आपल्या विदर्भात खर्रा खाणाऱ्या बऱ्याच जणांचं तोंड कॅन्सरच्या आधीच आखडलेलं असतं, सुपारीमुळे गालाची आतली कातडी ताठ होते, त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. आता ऑपरेशननंतर तोंड दोन बोटं उघडलं तर ते कमी झालं की पहिलेच तेवढं होतं, हे मूळ आकडा असल्याशिवाय कोण सांगणार?

त्याच पानावर अजून एक गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून घ्या: "यातलं काय गेलं तर तुला सगळ्यात जास्त जड जाईल?" आम्ही हे फार उशिरा विचारलं. मला वाटत होतं जेवण म्हणेल, सावजीचा शौकीन माणूस. तो म्हणाला, "फोन." काटोल-नरखेडचे शेतकरी त्याला फोन करून भाव विचारायचे, ते बंद झालं होतं आणि तेच त्याला खात होतं.

इलाज होऊन वर्ष झालं असेल तरी काही बिघडत नाही, आजचा आकडा हाच पहिला धरा.

पायरी २: प्रश्न ठरवून ठेवा

दर वेळी "कसं वाटते?" विचाराल तर दर वेळी "बरं आहे" हेच येईल. प्रश्न ठरलेले पाहिजेत आणि दर वेळी तेच पाहिजेत, तरच मागच्या आठवड्याशी तुलना होते.

यासाठी जगभर वापरतात असे फॉर्म तयार आहेत. युरोपातल्या ईओआरटीसी संस्थेचा क्यूएलक्यू-सी३० म्हणून ३० प्रश्नांचा फॉर्म आहे, तो कुठल्याही कॅन्सरला चालतो, आणि त्याच्या जोडीला डोकं-मानेच्या कॅन्सरसाठी एच अँड एन ३५ म्हणून ३५ प्रश्नांचा वेगळा. गेल्या आठवड्याबद्दल विचारतात आणि जवळपास सगळ्या प्रश्नांना चारच उत्तरं: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. याचं मराठी भाषांतरही आहे, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ते पेशंटवर वापरून तपासलेलं आहे. मी तो फॉर्म पहिल्यांदा वाचला तेव्हा एका जागी थांबलो, कारण त्यात घरच्यांसमोर खायला त्रास होतो का, इतरांसमोर खायला त्रास होतो का, असे वेगवेगळे प्रश्नच दिलेत. म्हणजे दादा जे दार लावून लपवत होता ते जगभरच्या पेशंटचं दुखणं आहे, कोणीतरी ते आधीच ओळखून फॉर्ममध्ये घातलंय.

दुसरा अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनचा छोटा फॉर्म, त्यात १२ गोष्टी: दुखणं, चेहरा, हालचाल, विरंगुळा, गिळणं, चावणं, बोलणं, खांदा, चव, लाळ, मूड आणि काळजी. त्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे शेवटी विचारतात, गेल्या ७ दिवसांत यातल्या कोणत्या तीन गोष्टी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाच्या होत्या? या तीनवरच पुढचं सगळं चालते.

तिसरी पद्धत ब्रिटनमधल्या लिव्हरपूलची, सायमन रॉजर्स म्हणून सर्जन आहेत त्यांच्या टीमने तयार केलेली. पेशंट डॉक्टरकडे जायच्या आधी एका यादीवर खुणा करतो, आज मला कशाबद्दल बोलायचंय आणि कोणाला भेटायचंय, डॉक्टरला की आहारतज्ज्ञाला की दाताच्या डॉक्टरला.

तुमच्या दवाखान्यात यातला एखादा फॉर्म वापरत असतील तर तोच घ्या, समाजसेवा विभागात किंवा पॅलिएटिव्ह केअरवाल्यांकडे (त्रास कमी करणारा विभाग) विचारा. नसेल तर वरच्या १२ गोष्टी वहीत साध्या भाषेत लिहा आणि खाली आपल्या चार जोडा: झोप, पैसा, खर्ऱ्याची तलब, आणि चारचौघांत जेवणं.

पायरी ३: विचारायचं कसं

आमचा वेळ रविवार सकाळ, आंघोळ झाल्यावर, टीव्ही बंद, लेकरं बाहेर. दहा-पंधरा मिनिटं लागतात.

बोलायला त्रास असेल तर बोलायला लावूच नका. आम्ही बोटांवर घेतो: मूठ म्हणजे अजिबात नाही, एक बोट थोडं, दोन बरंच, तीन खूप. दादा नाकात जेवणाची नळी असतानाही असं सांगू शकत होता. लिहिता-वाचता येत नसेल त्यांनाही हे जमते, आमच्या बाजूला गडचिरोलीचे एक आजोबा राहायला आले होते शेकांसाठी, त्यांच्या नातवाला दाखवलं, दुसऱ्या रविवारपासून आजोबा स्वतःच बोटं दाखवायला लागले.

पेशंटच्या वतीने उत्तर देऊ नका. हे सगळ्यात कठीण आहे. दादाने दुखण्याला दोन बोटं दाखवली की वहिनी म्हणायच्या, "नाही भाऊजी, यांना जास्त दुखते, रात्री कण्हतात." दोघंही खरं सांगत असतात. मग मी दोन रकाने केले, एक दादाचा, एक वहिनींचा. जिथे दोघांत खूप फरक येतो ती जागा नीट बघायची, तिथे काहीतरी लपलेलं असतं.

आणि पोरांसमोर, आईसमोर विचारू नका. आई समोर असली की माणूस बरा होतो.

पायरी ४: जे मोजता येते ते मोजा

वजन आठवड्यातून एकदा, त्याच काट्यावर, त्याच वेळी, कमी कपड्यांत. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन गेलं तर ते गंभीर धरतात. ६० किलोच्या माणसाचे महिन्यात ३ किलो गेले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, आहारतज्ज्ञांना भेटा. शेकांच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात छाले येतात, शेवटी-शेवटी फार वाढतात आणि शेक संपल्यावरही काही आठवडे राहतात, त्या काळात वजन हमखास उतरते. तिखट, आंबट, गरम काही चालत नाही. आमच्या घरी संत्र्याच्या पेट्या यायच्या आणि दादाला एक फोड तोंडात घेता येत नव्हती, आग व्हायची. तर्री-पोहे तर सोडाच. आम्ही ज्वारीची आंबील, मऊ गोळाभात मिक्सरमधून काढून वर तूप, पातळ मुगाचं वरण, अंडं दुधात घोटून शिजवलेलं, सातूचं पीठ, दही असं दिवसातून सात-आठ वेळा थोडं-थोडं द्यायला लागलो. वहीत किती वेळा आणि किती वाट्या एवढं लिहिलं तरी डाएटिशियन त्यावरून हिशोब काढतात. नळी असेल तर फीड देताना पेशंट बसलेला पाहिजे आणि नंतरही अर्धा-पाऊण तास तसाच, आणि फीडनंतर नळीतून पाणी सोडायचं. नळी निघाली तर घरी परत घालायचा प्रयत्न चुकूनही करू नका.

तोंड किती उघडते हे पट्टीने मोजा, वरच्या पुढच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत. ३५ मिलीमीटरच्या खाली असलं तर तोंड आखडलं असं धरतात. पट्टी नसेल तर पेशंटचीच तीन बोटं उभी आत जातात का बघा. शेकांनंतर हे हळूहळू कमी होत जातं, महिन्याला एक-दोन मिलीमीटर, त्यामुळे घरात कोणाला कळत नाही आणि वर्षाने बघावं तर चमचाही आडवा करून घालावा लागतो. दादाचं २४ वर आलं होतं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायचा व्यायाम दिला, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. स्वच्छ नवीन काड्यांचं पाकीट स्टेशनरीत मिळते. पण हा व्यायाम सर्जनला विचारल्याशिवाय सुरू करू नका, टाके आणि हाड किती भरलं ते त्यांनाच माहीत असते. किती काड्या बसल्या ते वहीत लिहितो, ११ पासून सुरुवात होती आता १७ बसतात.

गिळण्यासाठी आकडा नाही पण खुणा आहेत. पाणी पिताना ठसका लागते का, पिऊन झाल्यावर आवाज ओला, घुरघुरता येते का, नाकातून येते का, जेवायला तासाच्या वर लागते का. ठसका आणि वर ताप, असं दोन्ही असलं तर अन्न-पाणी श्वासाच्या नळीत जात असू शकते, थेट दवाखाना.

तोंडाचा कोरडेपणा आम्ही रात्री पाण्यासाठी किती वेळा उठला यावर मोजतो. शेकांमुळे लाळेच्या ग्रंथी मार खातात, लाळ घट्ट होते नाहीतर राहतच नाही. चव बऱ्याच जणांची काही महिन्यांत परत येते, कोरडेपणा मात्र लांबतो. मे महिन्यात नागपूर ४५ च्या वर जाते, कूलर चालू असला तरी तोंड सुकून जीभ टाळूला चिकटते, बाटली हाताशी पाहिजेच. कोमट पाण्यात चिमूटभर मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा, आणि अल्कोहोलवालं माउथवॉश नको.

खांद्याबद्दल कोणी आधी सांगत नाही. मानेच्या गाठी काढताना खांदा उचलणाऱ्या नसेला धक्का लागू शकतो, मग हात वर जात नाही. दादाचा डावा हात दोरीवर कपडे वाळत घालताना अर्ध्यातच थांबायचा, आम्हाला वाटलं अशक्तपणा आहे. आता स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा आहेत, भिंतीला बोटं टेकवून हात जिथपर्यंत जातो तिथे तारीख. बाजूलाच पोरांच्या उंचीच्या खुणा आहेत. फिजिओने सांगितलेला व्यायाम ज्या महिन्यात चुकला त्या महिन्यात खूण खाली आलेली स्पष्ट दिसते.

बोलणं फोनवर तपासा. घरच्यांना सवय होते, आपण त्याचं सगळं समजतो आणि आपल्याला वाटते सुधारलं. अनोळखी माणसाला, किराणावाल्याला फोन लावून दोन वस्तू सांगायला लावा आणि किती वेळा "काय? काय म्हणता?" येते ते मोजा. दादा पहिल्यांदा चिडून फोन आपटून गेला. दोन महिने स्पीच थेरपी झाल्यावर एका शेतकऱ्याने त्याला फोनवर भाव विचारला आणि एकदाच "हां?" म्हणाला, ते मी वहीत तारखेसकट लिहून ठेवलंय.

दुखणं ० ते १० वर विचारा, गोळी घ्यायच्या आधी आणि तासाभराने. गोळीने १ च आकडा उतरत असेल तर डॉक्टरला सांगा, गोळी बदलता येते, वाढवता येते. मॉर्फिनचं नाव काढलं की घरचे घाबरतात, आमच्याकडेही झालं, पण डॉक्टरच्या देखरेखीत कॅन्सरच्या दुखण्यासाठी ते रोजच देतात. पोट साफ होते का तेवढं मात्र सोबत लिहा, कारण त्याने बद्धकोष्ठ होते.

पायरी ५: जे मोजता येत नाही ते

चेहरा. दादा आरशात दाढी करायचा बंद झाला होता, मी म्हटलं टाके आहेत म्हणून. टाके निघून तीन महिने झाले तरी नाही. लग्नाला यायचं टाळे, फोटोत उजवी बाजू करे. अशा गोष्टी वहीत लिहा, "चेहरा: दाढी नाही, भाच्याच्या लग्नाला नाही." त्याच्याशी भांडू नका, "काहून लाजतो बे, जीव वाचला ना" असं तर अजिबात म्हणू नका. मी म्हटलं होतं आणि तो चार दिवस बोलला नाही.

जेवण आम्ही असं बदललं. दार लावणं बंद करायला नाही सांगितलं. वहिनी आपलं ताट घेऊन आत जाऊन बसल्या, पहिले काही दिवस पाठ करून, मग बाजूला. मांडीवर नॅपकिन दोघांच्याही. महिनाभराने धाकटा पोरगा आत गेला. अंगणातल्या जास्वंदीकडे मी रोज नजर टाकायचो, काही दिसलं नाही.

मूडसाठी दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का, आणि उदास, आशा सुटल्यासारखं वाटलं का. बऱ्याच दिवशी हो असेल तर डॉक्टरला नक्की सांगा. मरून जावं, तुमच्यावर ओझं झालो, असं बोलला तर ती रविवारची नोंद नाही, त्याच दिवशी मदत घ्या, एकटं सोडू नका. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर दिवसरात्र चालू असते, मराठीतून बोलता येते.

नवरा-बायकोतला जवळिकीचा विषय घरातल्या माणसाने विचारू नये, पण फॉर्ममध्ये तो प्रश्न आहे आणि तिथे कारण आहे म्हणूनच आहे. वहिनींच्या हातात फॉर्म देऊन मी बाहेर जायचो, दोघांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

खर्ऱ्याची तलब विचारताना पोलीस होऊ नका. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ पासून आहे तरी ठेल्यावर खर्रा घोटायचा आवाज कोपऱ्याकोपऱ्यावर येतो, आणि वीस वर्षांची सवय ऑपरेशनने जात नाही. दादा सांगतो, पन्नी घासल्याचा आवाज आला की जीभ तिकडे वळते. तलब किती, कोणत्या वेळी, कोणासोबत असताना, एवढं लिहा. परत सुरू केलं तर जखम भरायला त्रास होतो आणि नव्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून लपवायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन १८००-११-२३५६, फुकट आहे.

पैसा पण विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मानचं काम दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडे होते, रेल्वे तिकिटात कॅन्सर पेशंटला सवलत आहे त्याचा फॉर्म दवाखान्यातून भरून मिळतो. माणूस पैशापायी तपासणी टाळतो आणि सांगतो "मला बरं वाटते."

पायरी ६: रविवारची वाट न पाहण्याच्या गोष्टी

तोंडातून किंवा मानेतून रक्त. श्वास लागणं, घरघर. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट किंवा वर ताप. दिवसभर पाणीसुद्धा न उतरणं. नळी निघणं. याला तारीख-बिरीख काही नाही, रिक्षा करा आणि निघा. आणि काही गोष्टी एक-दोन दिवसांत दाखवायच्या: मानेत नवीन गाठ, दोन-तीन आठवडे न भरणारा नवा छाला, तोंडात उघडं पडलेलं हाड, दुखणं एकदम वाढणं.

पायरी ७: वही घेऊन ओपीडीत

आख्खी वही डॉक्टरसमोर उघडू नका, त्यांच्यामागे पन्नास पेशंट उभे असतात. आदल्या रात्री एका चिठ्ठीवर पाच ओळी: वजन मागच्या वेळी किती आता किती, तोंड किती मिलीमीटर, आणि दादाने निवडलेल्या तीन गोष्टी. ती चिठ्ठी बसल्या-बसल्या हातात द्या. आम्ही पहिल्यांदा दिली तेव्हा डॉक्टरांनी वाचून मान वर केली आणि दादाला विचारलं, "खांद्यासाठी फिजिओला दाखवलं का कोणी?" आठ महिन्यांत पहिल्यांदा खांद्याचा विषय निघाला, कारण आठ महिन्यांत आम्हीच काढला नव्हता.

कोणती तक्रार कोणाकडे हे कळलं की अर्धे हेलपाटे वाचतात. वजन, जेवण आहारतज्ज्ञाकडे. तोंड, खांदा फिजिओकडे. बोलणं, ठसका स्पीच थेरपिस्टकडे. दुखणं, झोप, मळमळ पेन क्लिनिक किंवा पॅलिएटिव्ह केअरकडे, आणि पॅलिएटिव्ह म्हणजे "आता काही उरलं नाही" असं नसते, इलाज चालू असतानाही ते त्रास कमी करतात. दात दाताच्या डॉक्टरकडे, पण ही गोष्ट लक्षात ठेवाच: शेक झालेल्या जबड्यातला दात कोणत्याही साध्या दवाखान्यात जाऊन उपटून घेऊ नका, हाड सडू शकते. शेक झालेत हे सांगा आणि कॅन्सरच्या डॉक्टरला विचारून करा. खराब दात शेकांच्या आधीच काढतात ते यासाठीच.

नागपुरात पेशंट मानेवाडा रोडचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज), मिहानचं एम्स इथे विखुरलेले असतात, दातासाठी मेडिकलजवळच गव्हर्न्मेंट डेंटल कॉलेज आहे. कित्येकांचं ऑपरेशन एका ठिकाणी आणि शेक दुसऱ्या ठिकाणी होतात, चंद्रपूर-गोंदिया-बालाघाटहून येणाऱ्यांचं तर जास्तच, आणि एका ठिकाणचं दुसऱ्याला माहीत नसते. तिथे वहीच सगळीकडे सोबत फिरते. पानांचे फोटो मोबाईलवर काढून घरातल्या दोघांकडे ठेवा.

फॉलोअप साधारण पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा, पुढे अंतर वाढत जाते, तुमचे डॉक्टर सांगतील ते धरा. मानेला शेक झाले असतील तर थायरॉइड मंद होऊ शकतो, सहा ते बारा महिन्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासतात. दादाला दिवसभर सुस्ती यायची, थंडी जास्त वाजायची, आम्ही म्हणायचो मन उदास आहे. टीएसएच वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली.

वहीचं मागचं पान

शेवटून पहिलं पान सेवा करणाऱ्याचं ठेवा. मी सहा महिने हे केलं नाही आणि वहिनींची शुगर एक दिवस ३०० च्या वर निघाली, गोळ्या संपून तीन आठवडे झाले होते, आणायला वेळ नव्हता म्हणे. आता त्या पानावर चार ओळी असतात: वहिनींची झोप, शुगर, कोणी दोन तास बसू शकतो का, आणि या आठवड्यात त्या बाहेर गेल्या का. बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत "नाही" असते, मग पुढच्या रविवारी मी बसतो आणि त्या माहेरी गिट्टीखदानला जाऊन येतात.

पहिलं वर्ष दर रविवारी, त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा केलं आणि फॉलोअपच्या आदल्या आठवड्यात एकदा. इलाज बदलला, नवीन गोळी सुरू झाली, नळी निघाली की परत दर रविवार. आता वही दादा स्वतः भरतो, मागच्या वेळी "महत्त्वाच्या तीन गोष्टी" मध्ये त्याने दोनच लिहिल्या, लाळ आणि खांदा. तिसरी ओळ रिकामी होती, मी विचारलं तर म्हणाला सध्या सुचत नाही, आणि फोन वाजला म्हणून उठून गेला.